अ‍ॅनापोलिसची घरं आणि आमचा वाडा

(मंडळाच्या निधिसंकलनाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला वीस मिनिटं दिली आहेत, आणि बटाटेवडे गार व्हायच्या आत संपवा अशी ताकीदही दिली आहे. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, तिथून थेट इकडे आलो. तेव्हा इतिहासाच्या जाणकारांनी आमच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. जे डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन पुस्तकांतून पडताळून घेतलं, तेवढंच सांगणार आहोत.

आजचा निधी कशासाठी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. कऱ्हाडजवळच्या एका गावातल्या जुन्या वाचनालयाचं छप्पर दुरुस्त करायचंय. पावसाळ्यात तिथल्या कपाटांवर प्लास्टिकचे कागद टाकतात. गेल्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "जुन्या इमारतीवर पैसे कशाला घालायचे? पाडा आणि नवी बांधा, स्वस्तात पडेल." प्रश्न रास्त आहे. तो ऐकून आम्ही दोघं गप्प बसलो, कारण २०१९ मध्ये हेच वाक्य आम्ही स्वतः फोनवर बोललो होतो. त्याच्याकडे येतोच. आधी अ‍ॅनापोलिस.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा इकडे आले होते. नायगारा झाला, व्हाईट हाऊससमोर फोटो झाले, देवळं झाली, कॉस्टकोही दोनदा झालं. मग प्रश्न पडला की आता शनिवारी काय? अ‍ॅनापोलिस आपल्यापासून रूट ५० ने तासाभराच्या आत. आपल्यापैकी बरेच जण तिथे बोटी बघायला आणि आईस्क्रीम खायला जातात, आम्हीही तेवढंच करत होतो. पण बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. बोटींकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते एका घरासमोर उभे राहिले ते हलेचनात.

घर होतं जेम्स ब्राइसचं, ईस्ट स्ट्रीटवरचं. विटांचं, अवाढव्य. मधे मुख्य इमारत, दोन्ही अंगांना दोन छोट्या इमारती, आणि त्यांना जोडणारे ठेंगणे दुवे. असं पाच भागांचं घर. बाबा भिंतीजवळ गेले आणि म्हणाले, "अरे, विटेची लांब बाजू कुठे दिसतच नाहीये! सगळ्या विटांची डोकी बाहेर." खरंच की! समोरच्या भिंतीत प्रत्येक वीट आत घुसवलेली, बाहेर नुसती तिची आखूड बाजू. ही रचना अ‍ॅनापोलिसची खासियत मानतात हे आम्हाला नंतर कळलं. बाबांनी हिशेब लगेच मांडला, "दर्शनी विटा दुप्पट लागतात. माणसाला पैसे दाखवायचे होते."

अगदी तेच होतं. अ‍ॅनापोलिस १६९० च्या दशकात मेरीलँड वसाहतीची राजधानी झालं. गव्हर्नर फ्रान्सिस निकल्सनने दोन वर्तुळं आखली, एकात सरकार आणि एकात चर्च, आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे रस्ते काढले. ते रस्ते अजून तसेच आहेत, म्हणूनच तिथे जीपीएस गोंधळतो आणि पार्किंग मिळत नाही. रस्त्यांची नावंही राजघराण्यातली: प्रिन्स जॉर्ज स्ट्रीट, किंग जॉर्ज स्ट्रीट, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट. राजाशी लढाई झाली, राजा गेला, पाट्या राहिल्या.

पैसा यायचा तंबाखूतून. १७६० ते १७७५ या पंधरा वर्षांत तिथल्या धनिकांनी चढाओढीने घरं बांधली. या शैलीला जॉर्जियन म्हणतात, कारण इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० ओळीने चार जॉर्ज होते. ओळखायची खूण सोपी आहे. घराच्या मधून एक उभी रेघ मारायची. डावीकडे जितक्या खिडक्या तितक्याच उजवीकडे, दरवाजा बरोबर मधोमध, त्याच्यावर त्रिकोणी माथा. खिडक्यांना लहान लहान काचांचे चौकोन, कारण तेव्हा मोठी काच परवडत नसे. आपला वाडा याच्या नेमका उलटा. रस्त्याकडे कोरी भिंत आणि दिंडी दरवाजा. जे काय देखणं असेल ते आत, चौकात. जॉर्जियन घर सगळा दागिना अंगावर घालून रस्त्यावर उभं राहतं.

आता यातला आमचा सगळ्यात लाडका माणूस. विल्यम बकलंड. इंग्लंडमधला सुतार. १७५५ मध्ये एकवीस वर्षांचा असताना त्याने करार केला: चार वर्षं अमेरिकेत एका मालकाकडे काम करायचं, येण्याचं भाडं मालक देणार, वर्षाला वीस पौंड पगार, राहणं-खाणं फुकट. मालक कोण, तर व्हर्जिनियातला जॉर्ज मेसन, ज्याचं गन्स्टन हॉल आपल्यापैकी काहींनी शाळेच्या सहलीत मुलांबरोबर पाहिलं असेल. ते घर आतून या पोराने सजवलं. चार वर्षं संपली तेव्हा मेसनने त्याच कराराच्या पाठीमागे त्याला शिफारस लिहून दिली. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. हे तर एच-वन! ठरलेली वर्षं, मालक बदलणं सोपं नाही, आणि शेवटी एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट!

पण हसणं तिथेच थांबवायला हवं, कारण करार संपला की बकलंड मोकळा होता. त्याच्या शेजारी राबणारे पुष्कळ जण कधीच मोकळे होणार नव्हते. आणि पुढे स्वतःचा जम बसल्यावर बकलंडकडेही करारबद्ध आणि गुलाम माणसं होती.

बकलंड पुढे अ‍ॅनापोलिसला आला. मेरीलँड अ‍ॅव्हेन्यूवर समोरासमोर दोन घरं आहेत आणि दोन्हींना त्याचा हात लागलेला आहे. एक चेस-लॉइड हाऊस. सॅम्युएल चेस या वकिलाने ते १७६९ मध्ये बांधायला घेतलं. हा चेस पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. पण बांधकामात त्याचे पैसे संपले आणि १७७१ मध्ये अर्धवट घर एडवर्ड लॉइड नावाच्या बड्या जमीनदाराला विकावं लागलं. घर बांधून पाहावं म्हणतात ते उगीच नाही.

समोरचं हॅमंड-हारवुड हाऊस, १७७४ चं. (तिकडे पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, त्या वर्षीचं. आपल्याकडच्या तारखा शेजारी ठेवल्या की आम्हाला काळ समजतो, नाहीतर नुसते आकडे.) याचा आराखडा बकलंडने सरळ इटलीच्या पालाडिओच्या पुस्तकातून उचलला. पालाडिओने १५७० मध्ये आपल्या इमारतींचे नकाशे पुस्तकात छापून टाकले होते. त्यातल्या माँतान्यानाच्या एका हवेलीवरून हे घर निघालं. म्हणजे ओपन सोर्सच! मात्र आंधळं कॉपी-पेस्ट नाही. बकलंडने दोन्ही टोकांच्या इमारतींना कोनदार पुढे आलेले दर्शनी भाग दिले, आणि पुढच्या दरवाजावर फुलांचं असं कोरीवकाम केलं की आई म्हणाली, "चौरंग वाटतोय." जेवणघरातली मधली खिडकी ही खरं तर बागेत उघडणारा दार आहे. खालची लाकडी पट्टी दरवाजासारखी उघडते. बाहेरून बघणाऱ्याला फक्त ओळीतली एक खिडकी. समतोल बिघडू नये म्हणून एवढा खटाटोप!

बकलंड १७७४ मध्येच वारला, चाळिशीत. त्याने हे घर पुरं झालेलं पाहिलं नाही. चार्ल्स विल्सन पीलने त्याचं चित्र काढायला घेतलं होतं, ते पुढे कितीतरी वर्षांनी पुरं झालं. त्यात टेबलावर या घराचा नकाशा पसरलेला आहे. आज ते चित्र येल विद्यापीठात आहे. आणि मजा म्हणजे, पुढे बकलंडचाच एक वंशज, विल्यम हारवुड, त्या घरातल्या मुलीशी लग्न करून तिथे राहायला आला. ज्याच्या पूर्वजाने पगारावर घर बांधलं तो त्या घराचा जावई झाला!

आता ही घरं उरली कशी? आम्हाला वाटलं होतं की अमेरिकन लोकांना हौस आहे, पैसा आहे, म्हणून. खरं कारण उलटं निघालं. डिसेंबर १७८३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने अ‍ॅनापोलिसच्या स्टेट हाऊसमध्ये सेनापतिपदाचा राजीनामा दिला, पुढच्या महिन्यात इंग्लंडबरोबरचा तह तिथेच मंजूर झाला. हा गावाचा कळस. त्यानंतर व्यापार बाल्टिमोरकडे गेला आणि अ‍ॅनापोलिस झोपलं. जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. घरं गरिबीने राखली. खरा धोका पुन्हा पैसा आला तेव्हा निर्माण झाला.

विल्यम पाकाच्या घराचं ऐका. पाकानेही जाहीरनाम्यावर सही केली, पुढे तो गव्हर्नर झाला. त्याने १७६३ ते १७६५ मध्ये प्रिन्स जॉर्ज स्ट्रीटवर घर बांधलं, मागे दोन एकरांची उतरत जाणारी बाग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या घराला चिकटून कार्व्हल हॉल नावाचं सुमारे दोनशे खोल्यांचं हॉटेल झालं. बाग मातीखाली गाडली गेली, त्यावर हॉटेल आणि पार्किंग. पुढे तेही पाडून मोठी इमारत उठवायचं चाललं होतं. तेव्हा गावातल्याच काही लोकांनी १९५२ मध्ये स्थापन केलेली संस्था पुढे आली, हिस्टॉरिक अ‍ॅनापोलिस. सेंट क्लेअर राइट नावाच्या बाई तिच्या प्रमुख होत्या. १९६५ मध्ये संस्थेने घर घेतलं आणि मेरीलँड राज्याने मागची जागा.

हॉटेल पाडलं. पण बाग होती कशी, कुणाला माहीत? दोन गोष्टी हाताशी होत्या. एक म्हणजे उत्खनन: मातीखाली भिंतींचे पाये सापडले. दुसरी पुन्हा पीलचंच एक चित्र. १७७२ मध्ये त्याने पाकाचं चित्र काढलं, आणि पाठीमागे सहज म्हणून बागेतला लाकडी पूल आणि दुमजली छोटा बंगला रंगवला होता. त्यावरून बाग पुन्हा उभी केली. आज आपण त्या पुलावर उभं राहून सेल्फी काढतो.

बाबा त्या बागेतल्या बाकावर बराच वेळ बसले होते. आम्ही पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, "एका चित्राच्या कोपऱ्यावरून दोन एकर बाग उभी केली यांनी. आपल्याकडे तर वाड्याचा एक धड फोटोही नाही."

आता वाड्याचं सांगतो. कऱ्हाडचा आमचा वाडा म्हणजे काही सरदाराचा नव्हे. साधा दोन चौकांचा, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात एक भिंत फाटली, ती आजोबांनी दुरुस्त केली. नंतर सगळे नोकऱ्यांसाठी पांगले. २०१९ मध्ये काकांचा फोन आला: छप्पर गळतंय, दुरुस्तीला सगळ्यांनी हातभार लावायचा की बिल्डरला द्यायचा? आम्ही दोघांनी एक्सेल शीट उघडली. दुरुस्तीचा खर्च, त्यातून मिळणारं उत्पन्न शून्य. दहा मिनिटांत उत्तर दिलं, "पाडून नवीन बांधणं स्वस्त पडेल." बाबा त्या फोनवर होते. काही बोलले नाहीत. आज तिथे पाच मजली इमारत आहे, तळाला पार्किंग.

आमच्या वाट्याचे पैसे आले, ते आम्ही इथल्या टाऊनहाऊसच्या डाऊन पेमेंटमध्ये घातले. तुमच्यापैकी निम्मे जण येऊन जेवून गेले आहेत, तेव्हा सांगायला हरकत नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, 'कलोनिअल'. दरवाजा मधोमध, वर त्रिकोणी माथा, दोन्हीकडे सारख्या खिडक्या. अ‍ॅनापोलिसहून परत आलो त्या संध्याकाळी बाबा ड्राईव्हवेमध्ये उभे राहिले आणि घराकडे बघायला लागले. मग खिडकीच्या बाजूची लाकडी झडप ओढून पाहिली. ती हलेना. भिंतीला स्क्रूने बसवलेली, आणि लाकडी पण नव्हे, प्लॅस्टिकची. दर्शनी भागाला विटेचा पातळ थर, बाकी तिन्ही बाजूंना व्हायनिल. खिडकीतले काचेचे चौकोन म्हणजे एकाच काचेवर आतून लावलेली जाळी. बाबा एवढंच म्हणाले, "हं. म्हणजे हे त्याचं चित्र आहे." वाडा देऊन आम्ही पाकाच्या घराचं चित्र घेतलं होतं.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय या घरांचं कौतुक करणं आम्हाला बरोबर वाटत नाही. ब्राइसच्या घराचं काम १७६७ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर अ‍ॅनापोलिसच्या धक्क्याला 'लॉर्ड लिगोनिअर' नावाचं जहाज लागलं, आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं विकण्यासाठी. अ‍ॅलेक्स हेलीच्या 'रूट्स'मधला कुंटा किंटे याच जहाजातून आला असं हेलीने मांडलं. धक्क्यावर हेलीचा पुतळा आहे, मुलांना पुस्तक वाचून दाखवतानाचा. आम्ही इतकी वर्षं त्याच्या शेजारीच बसून आईस्क्रीम खात होतो आणि तो लेखक कोण याची चौकशी केली नव्हती.

ब्राइसने बांधकामाचा हिशेब वहीत लिहून ठेवला, ती वही अजून आहे. पण तंबाखू पिकवणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, या घरांत चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बहुतेकांचं स्वतःच्या हातचं असं काही लिहिलेलं नाही. ते मातीतून काढावं लागलं. मेरीलँड विद्यापीठाचे लोक १९८१ पासून अ‍ॅनापोलिसमध्ये उत्खनन करत आले. १९९१ मध्ये चार्ल्स कॅरोलच्या घरी, तळघराच्या जमिनीत त्यांना गारगोटीचे स्फटिक, एक मणी, एक गुळगुळीत काळा दगड असं काहीबाही सापडलं, वर एक वाडगा पालथा घातलेला. तिथल्या गुलाम माणसांनी आपल्या मूळ श्रद्धेप्रमाणे कुणाच्या नजरेस न पडता ते पुरलं असावं, असं अभ्यासक म्हणतात. कॅरोल हाही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. वरच्या मजल्यावर स्वातंत्र्य, आणि खाली जमिनीत हे. आई ते ऐकून म्हणाली, "उंबऱ्याखाली आपणही पुरतो ना काहीतरी, वास्तुशांतीला." घर पाडलं असतं, वर पार्किंग झालं असतं, तर तो वाडगा आणि त्याखालचं सगळं बुलडोझरखाली गेलं असतं. नाव नसलेल्या माणसांचा तेवढाच पुरावा होता.

खर्चाचं म्हणाल तर तो संपत नाही. हॅमंड-हारवुड घरात शेवटची राहणारी हेस्टर अ‍ॅन हारवुड १९२४ मध्ये वारली. १९२६ मध्ये तिथल्या सेंट जॉन्स कॉलेजने घर घेतलं, पुढे मंदीत त्यांनाही जड झालं, मग १९४० मध्ये खास त्या घरासाठी जमलेल्या मंडळींनी विकत घेतलं. ब्राइसचं घर मेरीलँड राज्याने २०१४ मध्ये घेतलं आणि त्याचा जीर्णोद्धार कित्येक वर्षं चालला. आणि समोरचं चेस-लॉइड? ते १८८० च्या दशकात घरमालकिणीने मृत्युपत्रात वृद्ध, निराधार स्त्रियांच्या निवाऱ्यासाठी ठेवलं. ते घर वाचलं ते म्हाताऱ्या बायकांच्या आसऱ्यामुळे.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबांनी मुलीच्या शाळेचा आलेख कागद मागितला आणि वाड्याचा नकाशा काढायला बसले. माप फुटांत नाही, खणांत. दिंडी, पहिला चौक, ओसरी, माजघर, देवघर. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत आत्याचा फोन: "जिना तिथे नव्हता रे! जिना देवघराच्या भिंतीला. आणि विहीर डावीकडे." बाबा म्हणाले उजवीकडे. दोन वर्षं झाली, विहीर अजून डावीकडे-उजवीकडे चालू आहे. भूकंपानंतर भिंत कुणी बांधली, हेही आम्ही विचारलं. गवंड्याचं नाव आत्याला पटकन आठवलं. तो मुलांना चुन्याच्या घाणीभोवती फिरणाऱ्या बैलावर बसवायचा म्हणून. आडनाव मात्र कुणालाच सांगता आलं नाही.

वाचनालयाच्या इमारतीची मापं आणि फोटो आम्ही गावातल्या दोन मुलांकडून या सुट्टीत काढून घेतले आहेत. छपरावर एक वासा नवा घालायचा तरी आधी जुना लिहून ठेवायचा, एवढी एकच अट आम्ही कमिटीला घातली आणि त्यांनी ती मान्य केली. नकाशा मागच्या टेबलावर लावलाय. चेक कुणाच्या नावे लिहायचा ते या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे.

आणि किचनमधून खुणा सुरू झाल्यात. चला, वडे!